मुलांना घड्याळ कधी कळते?

या वेळी घड्याळाविषयीची पत्रे इतकी आली आहेत की इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रांतली मुले चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची आहेत. तरीही घड्याळ वाचता आले की वेळ कळली, असे बहुतेक पालक धरून चाललेले दिसतात. या दोन गोष्टी मुलांकडे वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वयांत येतात, आणि घरातल्या पुष्कळ रुसव्या-रागाचे मूळ हा फरक लक्षात न येण्यात असते.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. तिला नुकतेच सातवे वर्ष पूर्ण झाले. चार वाजले, साडेचार वाजले, एवढे ती बरोबर सांगते. पण तीन वाजून पन्नास मिनिटे झाली असली की हमखास 'चार वाजून पन्नास मिनिटे' असे उत्तर देते. तिचे बाबा रोज भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारतात आणि चुकले की चिडतात. आता ती घड्याळाकडे बघायलाच तयार होत नाही. ती मागे पडली आहे का? — एक आई, सांगली

उत्तर : तुमची मुलगी मागे पडलेली नाही. साधारणपणे पाच-सहा वर्षांची मुले पूर्ण तास ओळखू लागतात, त्यानंतर वर्षभरात 'साडे' जमते, सव्वा-पावणे आणि पाच-पाच मिनिटांचे टप्पे सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात, आणि मिनिटापर्यंत अचूक वाचन त्याच्याही पुढे स्थिरावते. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी फक्त पूर्ण तास व अर्धा तास, दुसऱ्या वर्षी पाव तास व पाच मिनिटांचे टप्पे, आणि मिनिटापर्यंतचे वाचन तिसऱ्या वर्षी ठेवले आहे. अमेरिकेतल्या 'कॉमन कोअर' या अभ्यासक्रमाचा क्रमही जवळजवळ असाच आहे. आपल्याकडेही प्राथमिक गणितात कालमापनाचा भाग एका इयत्तेत उरकत नाहीत, तो पुढच्या इयत्तांत पुन्हा पुन्हा येतो, आणि ते योग्यच आहे.

तिची चूक मात्र नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती निष्काळजीपणाची नाही. तीन वाजून पन्नास मिनिटांनी तास काटा चारला जवळजवळ टेकलेला असतो; तीन आणि चार यांमधल्या अंतराचे सहा भाग केले, तर त्यांतले पाच भाग तो चालून गेलेला असतो. मुलगी त्याच्या सर्वांत जवळचा आकडा वाचते, आणि पूर्ण तास शिकताना तिला आपण हेच शिकवलेले असते. शिवाय मिनिट काट्यासाठी तोच आकडा तिला निराळ्या तऱ्हेने वाचायचा असतो. डोळ्यांना दिसतो चार, पण लहान काट्यासाठी तो चार आणि मोठ्या काट्यासाठी वीस. एकाच वर्तुळावर दोन मोजपट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या आहेत आणि त्यांतली एक तर छापलेलीसुद्धा नाही, ती पाचाच्या पाढ्यातून मनात आणावी लागते. मोठ्यांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यातली अडचण त्यांना दिसेनाशी होते.

या चुकीला आणखी एक गोष्ट खतपाणी घालते, ती म्हणजे पुठ्ठ्याचे घड्याळ. शाळेसाठी घरोघरी जी पुठ्ठ्याची घड्याळे बनवली जातात, त्यांत दोन्ही काटे एका टाचणीवर सुटेसुटे फिरतात. मूल साडेतीन दाखवताना लहान काटा बरोबर तीनवर ठेवते, मोठा सहावर ठेवते आणि आपण 'शाबास' म्हणतो. खऱ्या घड्याळात असे कधीच घडत नाही. साडेतीनला लहान काटा तीन आणि चार यांच्या बरोबर मध्ये असतो. पुठ्ठ्याच्या घड्याळावर शिकलेल्या मुलाला दोन काट्यांचा एकमेकांशी संबंध असल्याचे कळतच नाही. त्यापेक्षा घरातले एखादे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ उतरवा, सेल काढून टाका आणि मागची चकती तिला स्वतः फिरवू द्या. मोठा काटा एक फेरी पूर्ण करतो तेवढ्यात लहान काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यापर्यंत हळूहळू सरकतो, हे तिने स्वतःच्या बोटांनी घडवून पाहिले, की सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

यापुढची पायरी मला स्वतःला सर्वांत उपयुक्त वाटते. त्याच घड्याळाची काच काढून मिनिट काटा उतरवून ठेवा. साध्या घड्याळांत तो अलगद ओढला की निघतो, काहींत बारीक नट असतो. आता फक्त तास काट्यावरून वेळ सांगायचा खेळ खेळा. काटा तीनच्या किंचित पुढे असेल तर 'तीन वाजून गेले', मध्यावर असेल तर 'साडेतीन', चारला टेकत आला असेल तर 'चार वाजत आले'. मिनिटे विचारायचीच नाहीत. हा प्रकार पोरखेळ समजू नये. युरोपातल्या मनोऱ्यांवरच्या जुन्या घड्याळांना कित्येक शतके तासाचा एकच काटा असे आणि लोकांचे त्यावर भागत असे. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले, घड्याळे अचूक झाली, आणि मगच मिनिट काटा सर्रास दिसू लागला. 'चार वाजत आले' हे शब्द तिच्या तोंडी रुळले, की 'चार वाजून पन्नास' हे उत्तर तिचे तिलाच खटकेल, कारण चार अजून वाजलेले नाहीत हे ती जाणत असेल. हे रुळायला काही आठवडे लागतात, ते लागू द्यावेत.

तिच्या बाबांना एवढेच सांगावेसे वाटते की रोजचा हा तोंडी परीक्षेचा कार्यक्रम ताबडतोब थांबवावा. वेळ विचारायची तर खरोखरच हवी असताना विचारावी, आणि तिने सांगितलेल्या उत्तरावर काहीतरी करावे. 'सहा वाजले का बघ गं, पाणी येईल आता' या वाक्यात मुलीवर विश्वास आहे.

प्रश्न : माझा नातू तिसरीत, इंग्रजी माध्यमात शिकतो. मोबाइलवरची वेळ 'टू फॉर्टी फाइव्ह' अशी झटकन वाचतो. पण मी 'पावणेतीनला निघू' म्हटले की गोंधळतो आणि तीन वाजून गेल्यावर तयार होतो. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करून घेत. तेच त्याच्याकडून करून घ्यावे का? — एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, तुमच्या नातवाला वेळ वाचता येते असे मी म्हणणार नाही. त्याला आकडे वाचता येतात. २:४५ हे आकडे मोठ्याने म्हणण्यासाठी घड्याळाचे काहीच कळावे लागत नाही. पंचेचाळीस मिनिटे म्हणजे तासातला किती भाग सरला आणि तीन वाजायला किती अवकाश आहे, हे त्या आकड्यांत त्याला दिसत नाही. गोल तबकडीवर ते डोळ्यांना दिसते. म्हणून मोबाइल कितीही हाताशी असला, तरी मुले वावरतात त्या खोलीत काट्यांचे एक घड्याळ असावे, असे माझे ठाम मत आहे. त्यावर एक ते बारा हे सर्व आकडे ठळक असावेत. नुसत्या रेघांची किंवा रोमन आकड्यांची शोभेची घड्याळे शिकण्याच्या वयात कामाची नाहीत.

आता पावणेतीनविषयी. आपली वेळ सांगण्याची पद्धत अपूर्णांकांवर उभी आहे आणि ती दोन दिशांनी चालते. सव्वा आणि साडे म्हणताना होऊन गेलेल्या तासावर पाव किंवा अर्धा चढवायचा असतो, तर पावणे म्हणताना अजून न वाजलेल्या तासातून पाव वजा करायचा असतो. मुलाच्या कानावर 'तीन' पडते आणि तो तीनच्या पुढची वेळ धरतो, यात नवल नाही. भरीला साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच येतात. साडेबारानंतर कोणी पावणेएक म्हणतो तर कोणी नुसते 'पाऊण वाजला' म्हणतो. तुम्हाआम्हाला हे कधी शिकलो ते आठवत नाही, कारण दिवसभर तेच कानावर पडत होते. नातवाचा दिवस दुसऱ्या भाषेत जातो, त्यामुळे त्याला ते शिकवावे लागेल.

औटकी पाठ करून घेण्याची गरज नाही. साडेतीनचा पाढा त्याला वेळ सांगायला उपयोगी पडणार नाही, आणि पाठांतराच्या कंटाळ्यात मूळ कल्पना हरवेल. एका कागदी तबकडीचे घडी घालून चार भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळ्या रंगाने रंगवा. मोठा काटा एक रंग ओलांडून गेला की सव्वा, दोन ओलांडले की साडे, आणि शेवटचा एकच रंग उरला की पावणे. 'एक रंग कमी' हे त्याला पटले, की पावणेतीन म्हणजे तीनला एक रंग कमी हे आपोआप येईल. मग हेच शब्द घड्याळाच्या बाहेरही त्याच्या कानावर पडू द्यात. बाजारात त्याला बरोबर न्या, दीड किलो बटाटे, पाव किलो मिरची, सव्वा मीटर कापड असे त्याच्याकडूनच मागवून घ्या. तुमच्या पिढीला पावकी-निमकी आली ती पाठांतराइतकीच रोजच्या देण्याघेण्यामुळे आली होती.

या वयात आणखी एक चूक दिसते, ती आधीच सांगून ठेवते. २:४५ मध्ये तीस मिनिटे मिळवा म्हटले की मुले २:७५ म्हणतात, आणि अडीच तास म्हणजे २:५० असे लिहितात. शंभरावर उभे असलेले रुपये-पैसे त्यांच्या ओळखीचे असतात, साठावरचे तास-मिनिटे नवी असतात. अशा वेळी उभी बेरीज मांडू नये. एक आडवी रेघ ओढावी, २:४५ पासून तीनपर्यंत पंधरा मिनिटांची एक उडी, उरलेल्या पंधरा मिनिटांची दुसरी उडी, की सव्वातीन. एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास किती तासांचा, हेही याच उड्यांनी काढता येते. रेल्वेचे वेळापत्रक चोवीस तासांचे असते, तेव्हा १५:४० मधून बारा वजा करण्याचा सरावही त्याच ओघात होईल.

प्रश्न : आमचा चार वर्षांचा मुलगा 'उद्या आपण मामाकडे गेलो होतो' असे बोलतो. 'पाच मिनिटे थांब' म्हटले तर दर अर्ध्या मिनिटाला 'झाली का' विचारतो. त्याला आतापासूनच घड्याळ शिकवावे का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : घड्याळ शिकवू नका, अजून वेळ आहे. काल आणि उद्या यांची अदलाबदल चौथ्या-पाचव्या वर्षी अगदी नेहमीची असते. 'आज नाही' एवढेच त्याला कळलेले असते, तो दिवस मागचा की पुढचा हे अजून पक्के व्हायचे असते. तुम्ही त्याला टोकू नका, उत्तर देताना बरोबर वाक्य म्हणा: 'हो, काल गेलो होतो मामाकडे.' तेवढे पुरते.

लहान मुलांना वेळेची जाण कशी येते, या प्रश्नामागे एक मोठा इतिहास आहे. १९२८ मध्ये दावोस येथे भरलेल्या एका परिषदेत आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना विचारले होते की मुलांच्या मनात वेळेची कल्पना आधी येते की वेगाची. पियाजे यांनी त्यावर पुढे बरीच वर्षे काम केले आणि १९४६ मध्ये मुलांच्या कालकल्पनेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या एका प्रयोगात दोन वस्तू एकाच वेळी निघत आणि एकाच वेळी थांबत, पण एक भरभर जाऊन जास्त लांब पोहोचे. लहान मुले ठामपणे सांगत की जी लांब गेली तिला जास्त वेळ लागला. अंतर आणि वेळ त्यांच्या मनात एकमेकांपासून सुटलेले नसतात. नंतरच्या संशोधकांनी पियाजे यांची काही अनुमाने सैल केली आहेत, आणि प्रश्न सोपा करून विचारला तर मुले त्यांना वाटले होते त्याहून लवकर उत्तर देतात, असे दिसून आले आहे. पण लांबी, वेग, कंटाळा या सगळ्यांतून वेळ वेगळी काढणे मुलांना जड जाते, हे आजही खरे आहे.

या वयात वेळ शिकवायची ती क्रमाने. आधी दूध, मग आंघोळ, मग शाळा, जेवण, झोप, ऊन उतरल्यावर खाली खेळायला, दिवेलागणीला घरी. सणांचा क्रमही मुले आवडीने लक्षात ठेवतात. गणपती गेले की नवरात्र, मग दिवाळी. आठवड्याच्या वारांना त्याच्या दृष्टीने काही अर्थ येईल असे करा, म्हणजे गुरुवारी आजी येते, रविवारी शाळा नाही.

पाच मिनिटांबद्दल मात्र मला पालकांशीच बोलायचे आहे. आपण 'पाच मिनिटे' म्हणतो तेव्हा कधी दोन मिनिटे असतात, कधी वीस, आणि फोन आला तर पाऊण तास. मूल तो शब्द ऐकून त्याचा अनुभव जोडू पाहते आणि दर वेळी वेगळाच अनुभव पदरी पडतो. मग पाच मिनिटे म्हणजे 'आई म्हणेल तोपर्यंत', असा अर्थ त्याने लावला तर दोष त्याचा नाही. पाच मिनिटे म्हणायचे असेल तर स्वयंपाकघरातला गजर पाच मिनिटांचा लावावा आणि वाजल्यावर उठावे. ते जमणार नसेल तर 'एवढी कणीक मळून झाली की येते' असे सांगावे. कणीक मळून संपताना त्याला दिसते.

प्रश्न : चौथीतल्या मुलाने विचारले की घड्याळाचे काटे याच दिशेने का फिरतात. मला उत्तर देता आले नाही. — एक वडील, जळगाव

उत्तर : आजची काट्यांची घड्याळे युरोपात घडली आणि त्याआधी तिथे सावलीची घड्याळे होती. उत्तर गोलार्धात जमिनीवर रोवलेल्या काठीची सावली सकाळी पश्चिमेकडे, दुपारी उत्तरेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे पडते. तीच दिशा काट्यांनी उचलली असे मानतात. दक्षिण गोलार्धात सावली उलटी फिरते. मुलाला अंगणात काठी रोवून हे दाखवता येईल, पण प्रयोग हिवाळ्यात करा. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मे ते जुलैच्या दरम्यान काही आठवडे आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. तेव्हा तो प्रयोग मुलाचा गोंधळच करील.

प्रश्न : आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगा दुसरीत आहे. शाळेत साडेतीनला 'अर्धा चार' म्हणायला शिकवतात. घरी आम्ही साडेतीन म्हणतो. तो आता दोन्हीकडे एक तास चुकतो. घरी मराठीत वेळ सांगणे काही काळ बंद करावे का? — एक आई

उत्तर : बंद करू नका. जर्मन भाषेत 'हाल्ब फिअर' म्हणजे चौथा तास अर्धा सरला, अर्थात साडेतीन. तुमच्या श्वाबियन भागात तर सव्वातीनला 'चौथ्याचा पाव' आणि पावणेचारला 'चौथ्याचे पाऊण' या अर्थाचे शब्दही वापरतात. म्हणजे तिथली बोली पुढच्या तासाकडे पाहते, आणि आपली पद्धत एकट्या पावणेला तसे पाहते. मुलाला पावणेचार येत असेल तर तेच धरून पुढे जा. तबकडीवर तास काटा तीन आणि चार यांच्या मध्ये ठेवून दोन्ही आकड्यांना बोट लावा: मराठीत मागच्या आकड्याचे नाव घ्यायचे, शाळेत पुढच्याचे. काट्याची जागा एकच राहते. गोंधळ असेपर्यंत त्याला आधी काटा दाखवायला सांगा आणि नाव नंतर विचारा. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचा हा घोळ सरावाने निवळतो.

प्रश्न : माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे, चौथीत. अजून पूर्ण तासही खात्रीने सांगता येत नाही. शिकवले की दोन दिवस येते, मग जाते. सगळे म्हणतात, येईल हळूहळू. — एक आई, अमरावती

उत्तर : इतर पत्रांना मी धीर धरा असे सांगितले, तुम्हाला तसे सांगणार नाही. साडेनऊ वर्षांच्या मुलाला नियमित शिकवूनही पूर्ण तास टिकत नसेल, तर तपासणी करून घ्यायला हवी. सर्वांत आधी डोळे तपासा; फळ्यावरचे आणि भिंतीवरचे न दिसणारी कितीतरी मुले 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खात असतात. नजर ठीक असेल तर आणखी काही गोष्टी पाहा: डावे-उजवे चुकते का, २४ आणि ४२ यांची अदलाबदल होते का, सुटे पैसे मोजताना गडबड होते का, पाढा आज येऊन उद्या जातो का, वार आणि महिने क्रमाने सांगता येतात का. यांपैकी बऱ्याच गोष्टी एकत्र दिसत असतील तर गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, असण्याची शक्यता असते. तिचे निदान पालकांनी किंवा शिक्षकांनी अंदाजाने करू नये. त्यासाठी बालमानसतज्ज्ञांकडून रीतसर चाचण्या व्हाव्या लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतांत डिस्कॅल्क्युलियाचा उल्लेख आहे, त्यामुळे निदान झाले तर शाळेकडे सवलती आणि वेगळी मदत मागण्याचा आधार तुमच्याकडे असेल. बुद्धीचा आणि या अडचणीचा संबंध नसतो, हे मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगा, कारण एव्हाना त्याने स्वतःविषयी काहीतरी ठरवून टाकलेले असण्याचा संभव आहे.

तोपर्यंत घड्याळाचे शिकवणे थांबवा आणि त्याच्या दिवसाची व्यवस्था दुसऱ्या मार्गाने करा. शाळेला निघण्याची वेळ, खेळून परतण्याची वेळ यांचे गजर लावून द्या; काट्यांची ती नेमकी स्थिती कागदावर काढून घड्याळाशेजारी चिकटवा, म्हणजे वाचता आले नाही तरी जुळवून पाहता येईल. तपासणीला जाताना गेल्या दोन वर्षांच्या गणिताच्या वह्या बरोबर न्या. त्यांत बरोबर आलेली गणितेही असू द्यात, तज्ज्ञांना त्यांचाही उपयोग होतो.